आधी निदान, मग पाना

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या कुठल्याही मुलाला रात्री दोन वाजता उठवा आणि ऑट्टो सायकलचा पी-व्ही डायग्रॅम काढायला सांगा. डोळे चोळत काढेल, पण बरोबर काढेल. चार स्ट्रोक, कॉम्प्रेशन रेशो, एफिशियन्सीचं सूत्र, सगळं पाठ. आता त्याच मुलाला पार्किंगमधल्या वीस वर्षं जुन्या गाडीखालचा काळा डाग दाखवा आणि विचारा, "हे तेल कुठनं आलं रे?" तो म्हणणार, "इंजिनमधनं." बरं, इंजिनमधनं म्हणजे नक्की कुठनं? इथं आमची गाडी बंद पडते. मग ठरलेलं उत्तर येतं, "गॅरेजला दाखवायला लागेल."

मित्रांनो, हा लेख म्हणजे गाडी दुरुस्तीचा क्लास नाही. माझं म्हणणं एवढंच की बिघाड दुरुस्त करण्याआधी तो शोधायचा असतो, हे शोधणं ही इंजिनिअरची पहिली विद्या आहे, आणि नेमकी तीच आम्हांला चार वर्षांत कुणी शिकवत नाही. आम्हांला प्रश्न मिळतो तो आकडे भरून, "गिव्हन डेटा" सकट. जुनी गाडी गिव्हन डेटा देत नाही. ती धूर देते, आवाज देते, डाग देते. त्यातनं डेटा आपण काढायचा.

आणि हे होतंय कुठं, तर कोल्हापुरात! ज्या गावात उद्यमनगरातनं नुसतं चालत गेलं तरी लेथचा आणि ग्राइंडरचा आवाज पाठ सोडत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फौंड्र्यांमधनं इंजिनांची कास्टिंग्ज बाहेर जातात. इथं उसाला पाणी उपसायला आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवायला ऑईल इंजिनं आली. ती बिघडली तेव्हा इथल्या मिस्त्री लोकांनी ती खोलली, समजून घेतली आणि मग सुटे भाग स्वतःच घडवले. बाबुराव पेंटरांनी तर १९१८ च्या सुमारास याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यांच्याकडं ना डिग्री होती ना मॅन्युअल. यंत्र असं का चालतं, हा प्रश्न मात्र होता. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा आपण सगळे मोबाईल वर करून फोटो काढतो. १९३० च्या दशकातली ती गाडी आजही रस्त्यावर येते, याचा अर्थ कुणाला तरी तिची नाडी कळते. तो फोटो काढताना हा विचार आपल्यापैकी किती जणांच्या मनात येतो?

तेल खाली दिसतं, गळतं वर

आता मुद्द्यावर येऊ. तेलगळतीचंच घ्या. तेल खाली ओघळतं, आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागंही ढकललं जातं. म्हणजे तेल जिथं दिसतं तिथं ते बहुतेक वेळा गळत नसतं. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं जिथं ओलं आहे, तिथनं शोध सुरू करायचा. हा नियम एका ओळीचा आहे आणि त्याला कुठलंही इक्वेशन लागत नाही. तरीही चेंबर खालून ओला दिसला की चेंबरचं पॅकिंग बदललं जातं, आठवड्यानं तो परत ओला होतो, आणि मग "गाडीच जुनी झाली साहेब" असं ऐकायला मिळतं.

पद्धत अगदी साधी आहे. आधी हे तेलच आहे का, आणि कुठलं, ते ओळखायचं. खाली पांढरा पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी करा. काळपट, पातळसर डाग म्हणजे इंजिन ऑईल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑईल. हिरवा किंवा लालसर रंग, पाण्यासारखं आणि गोडसर वासाचं म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, बुळबुळीत ओल दिसली तर ते ब्रेकचं तेल असू शकतं. मग गाडी चालवायचीच नाही, आधी ब्रेक बघायचे. आणि नुसतंच स्वच्छ पाणी असेल तर एसीचं असेल, निवांत झोपा.

इंजिन ऑईलच आहे असं ठरलं की इंजिन बाहेरून स्वच्छ धुवायचं. वर्षानुवर्षांची माती आणि तेलाचा थर असेल तर त्यात नवी गळती कुणालाच दिसणार नाही. कोरडं झालं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर मारायची, गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची आणि बॅटरी घेऊन बघायचं. पावडरीवर तेलाचा ओघळ आपणहून रेघ काढतो. संशयितांची यादीही ठरलेली आहे : टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची रबरी रिंग, ऑईल प्रेशरचा स्विच, ऑईल फिल्टर, क्रँकचं पुढचं सील, चेंबरचं पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि सगळ्यात शेवटी क्रँकचं मागचं सील. शेवटी अशासाठी, की तिथं पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. स्वस्त आणि सोप्यापासून महाग आणि अवघडाकडं जायचं, हा निदानाचा दुसरा नियम. आणि सर्व्हिसिंग झाल्याझाल्या गळती सुरू झाली असेल तर आधी फिल्टर बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, असं बऱ्याचदा होतं. दोन रिंगा एकावर एक, मग तेल थांबणार कसं?

एका पॅकिंगची गोष्ट

आमच्या हॉस्टेलमधल्या एका मित्राचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्याकडं जुनी मारुती ८०० आहे. तालुक्याच्या गावी एका गॅरेजनं खालून गाडी बघितली आणि सांगितलं, "मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायचा. उतरवलाच आहे तर क्लच पण टाकून घ्या. आणि रिंगा पण गेल्यात वाटतंय, इंजिन कामच करा." अंदाज ऐकून काकांनी गाडी विकायचं ठरवलं. पण विकायची कुणाला? तेल गळणारी गाडी भंगाराच्या भावात जाते.

मित्र सुट्टीत गाडी इकडं घेऊन आला आणि उद्यमनगराजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींना दाखवली. त्यांनी आधी गाडीकडं बघितलंच नाही, पोराला प्रश्न विचारले. कवापासनं गळतंय? उभी असताना जास्त का चालवल्यावर? तेल किती दिवसांनी घालायला लागतं? धूर मारतीय काय? मग बॉनेट उघडलं, इंजिन सुरू ठेवूनच तेल घालायचं झाकण काढलं. फुस् फुस् करत वाफ बाहेर यायला लागली. "बॅक कॉम्प्रेशन हाय," मित्र घाईनं म्हणाला, "म्हणजे रिंगा गेल्या ना मामा?" मिस्त्री म्हणाले, "थांब की मर्दा, एवढी गडबड कशाला?" त्यांनी ब्रीदरचा पाइप काढला. आत काळ्या चिखलासारखा घट्ट साका, बोळा बसलेला. पाइप आणि व्हॉल्व्ह साफ करून बसवला, परत झाकण काढलं. फुसफुस जवळजवळ बंद.

आता याचं शास्त्र बघा, कारण हे आपल्याच पुस्तकातलं आहे. कितीही नवं इंजिन असलं तरी ज्वलनाचा थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर असतो. तो तुंबला की आत दाब वाढतो, आणि तो दाब जिथं वाट मिळेल तिथनं तेलाला बाहेर ढकलतो. सील चांगलं असलं तरी गळतं. तुम्ही नवं सील टाकलं तरी काही दिवसांनी तेही गळणार. गळती सीलजवळ आणि कारण दोन फुटांवरच्या रबरी नळीत! या गाडीत टॅपेट कव्हरचं पॅकिंग जुनं होऊन कडक झालं होतं, आतल्या दाबानं गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातनं तेल बाहेर येत होतं आणि खाली ओघळून बरोबर गिअरबॉक्सच्या सांध्यावर ठिबकत होतं. खालून बघणाऱ्याला वाटलं, मागचं सील गेलं. पॅकिंग आणि पाइपचा खर्च मेसच्या एका आठवड्याच्या बिलापेक्षा कमी आला. काका अजून तीच गाडी चालवतात.

मी त्या पहिल्या गॅरेजला लबाड म्हणणार नाही. त्यांना खरोखरच तसं वाटलं असेल. पण त्यांनी बघितलं आणि ठरवलं, मधली पायरी गाळली. ती मधली पायरी म्हणजेच निदान.

धुराची भाषा

तेलाची पातळी कमी होतेय आणि खाली पुठ्ठ्यावर मात्र डाग नाही, तर तेल जळतंय. ते सायलेन्सरमधनं निळसर धुरानं कळतं. पण निळा धूर म्हणजे "रिंगा गेल्या, बोअरिंग करा" असं नाही. धूर केव्हा येतो, हे महत्त्वाचं. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर एक निळा भपका आणि मग साफ, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. रात्रभर तेल हळूहळू खाली झिरपलेलं असतं. चढावर, लोडवर सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर आणि सिलिंडरच्या झिजेवर. आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी गिअरवर उतरवली, खाली आल्यावर परत पाय दिला आणि मागं निळा ढग उठला, तर व्हॉल्व्ह गाइड बघा. उतारावर थ्रॉटल बंद असतो, इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो आणि तो गाइडच्या फटीतनं तेल ओढून घेतो. तीन वेळांचे तीन धूर, तीन वेगळी कारणं. पहिल्या आणि तिसऱ्यात नुसत्या हेडच्या कामावर भागतं. तिथं "फुल इंजिन काम" केलं तर मालकाचा पैसा आणि चांगले पिस्टन दोन्ही वाया.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला, चोक अडकलेला किंवा कार्ब्युरेटरचा फ्लोट बिघडलेला. पांढऱ्या धुराला मात्र सगळे घाबरतात. पांढरा धूर म्हणजे हेड गॅस्केट उडालं, एवढंच सगळ्यांना माहीत. इथं थोडी केमिस्ट्री आठवा. ऑक्टेनच्या ज्वलनाचं समीकरण मांडून बघा, २२८ ग्रॅम ऑक्टेन जळालं की ३२४ ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं! थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधनं पांढरी वाफ आणि चार थेंब पाणी येणारच. गाडी तापल्यावर ते थांबलं तर काही बिघडलेलं नाही. तापल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वास, रेडिएटरमधलं पाणी कमी होणं आणि इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे, हे सगळं एकत्र आलं तर मग हेड गॅस्केट. (रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच काढून ठेवायचं. गरम असताना काढलं तर तोंड भाजतं, हे विसरू नका.)

याच पाण्याचा कोल्हापुरी अवतार जुलै-ऑगस्टमध्ये बघायला मिळतो. तेल घालायच्या झाकणाखाली पिवळट पांढरा, लोण्यासारखा थर. बघणारा म्हणतो, "तेलात पाणी गेलं, हेड खोला." पण गाडी रोज राजारामपुरीतनं बिंदू चौकापर्यंत जाऊन परत येत असेल, तर इंजिन पुरेसं तापतच नाही. आतली वाफ उडून न जाता झाकणाखाली गार होते आणि तेलात मिसळून लोणी होतं. तेलाची पट्टी काढून बघा. पट्टीवरचं तेल नेहमीसारखं असेल, कूलंट कमी होत नसेल, तर झाकण पुसा आणि गाडी एकदा जोतिबापर्यंत नेऊन आणा. तेल आणि पेट्रोलच्या खर्चात दर्शनही होईल. पट्टीवरचं तेलच दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नका.

चमचाभर तेलाचा पुरावा

आता गाडी मिसिंग मारतेय, ओढत नाही, ही तक्रार घ्या. इथं सगळ्यात आधी प्लग काढून बघायचे. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे मिश्रण दाट, तेलकट काळा म्हणजे तेल वर येतंय, पांढरा फटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन जास्त तापतंय. चार प्लग शेजारी शेजारी ठेवले की कुठल्या सिलिंडरची तक्रार आहे ते डोळ्यांनीच कळतं.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन तापवून सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोल बंद करायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारायचा आणि गेजवरचा आकडा लिहायचा. एक सिलिंडर कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून परत मोजायचं. आकडा चढला तर तेलानं रिंगेची फट भरली, म्हणजे दोष रिंगांत. चढला नाही तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट बघा. इंजिन न खोलता, चमचाभर तेलात, वर खोलायचं का खाली हे ठरलं! मला विचाराल तर आमच्या आख्ख्या सिलॅबसमध्ये एवढा देखणा प्रयोग दुसरा नाही. आणि तो जर्नलमध्ये नाही.

निदानाला दाम नाही

मग गॅरेजवाले हे सगळं का करत नाहीत? त्यांना येत नाही म्हणून? अजिबात नाही. अनेकांना आपल्या सरांपेक्षा जास्त येतं (सरांनी रागावू नये, तेही खासगीत हे मान्य करतात). कारण वेगळं आहे. विचार करा, मिस्त्रींनी तासभर डोकं लावलं आणि एक तुंबलेली नळी साफ केली. बिल किती करायचं? पन्नास रुपये सांगितले तर पोट भरत नाही. पाचशे सांगितले तर गिऱ्हाईक म्हणतं, "नुसती नळी तर साफ केली, कशाचे पाचशे?" तेच इंजिन उतरवून, पार्टचा खोका दाखवून चार आकडी बिल केलं तर मालक कुरकुरतो, पण देतो. डॉक्टरांनी नाडी बघून "काही नाही, विश्रांती घ्या" म्हटलं तरी आपण तपासणी फी देतो. मिस्त्रीला मात्र आपण फक्त हातांचे पैसे देतो, डोक्याचे नाही. मग त्यानं डोकं का वापरावं? जे काम आपण विकत घेत नाही ते बाजारातनं नाहीसं होणारच. दोष एकट्या गॅरेजचा नाही, आपलाही आहे.

आणि याचा भुर्दंड कुणावर? नवी गाडी घेणाऱ्यावर नाही, त्याला वॉरंटी आहे. भुर्दंड पडतो शिक्षकावर, छोट्या शेतकऱ्यावर, भाजी वाहणाऱ्या ओमनीवाल्यावर. जुनी गाडी ही हौस नसते, बहुतेकांची ती एकुलती एक गाडी असते.

"पण आता कोण बघतंय जुन्या गाड्या?"

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा आमच्या रूमवर जोरदार वाद झाला. तीन आक्षेप आले, तिन्हींना उत्तर देतो.

पहिला आक्षेप : आता स्कॅनर आहे, लॅपटॉप लावला की बिघाड कळतो. स्कॅनर उत्तम साधन आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो 'पी०१७१' असा कोड देतो, म्हणजे मिश्रण पातळ. कुठली नळी फाटली, का पेट्रोल पंप कमी दाब देतोय, का सेन्सरच खोटं बोलतोय, हे तो सांगत नाही. कोड ही तक्रार असते, निदान नव्हे. शिवाय कार्ब्युरेटरच्या गाडीला स्कॅनर लावणार कुठं? आणि तेलगळतीला तर सेन्सरच नाही. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा दाब पडल्यावर लागतो, तोवर बेअरिंगांचं वाटोळं व्हायची वेळ आलेली असते.

दुसरा आक्षेप : जुन्या गाड्या प्रदूषण करतात, त्या भंगारातच गेल्या पाहिजेत. निळा धूर सोडत फिरणाऱ्या गाडीची बाजू मी घेत नाही. ॲम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, मारुती ८०० चंही त्याच वर्षी. मुंबईच्या रस्त्यांवरनं पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली. काळ पुढं जाणारच. पण खासगी गाडीला पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षं मुदतवाढ मिळते, म्हणजे अशा गाड्या अजून बरीच वर्षं आपल्या आसपास असणार. त्यातली कुठली दोनशे रुपयांच्या सीलवर स्वच्छ होईल आणि कुठली खरंच भंगारात घालायची, हे ठरवायलाही निदानच लागतं. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, ते कशामुळं वाढले हे सांगत नाही. आणि गळणारं तेल पावसात वाहून शेवटी जयंती नाल्यातनं पंचगंगेतच जातं. गळती शोधणं हे पर्यावरणाचंच काम आहे.

यात एक नवी भर पडली आहे. २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा त्यात वाटा आहे, त्याचा आनंद आहेच. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि गॅस्केट या इंधनासाठी बनवलेले नव्हते, आणि इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळं कार्ब्युरेटरचं मिश्रण थोडं पातळ होतं. म्हणजे जुन्या इंजिनात नव्या तक्रारी येणार. ज्याला कारण शोधता येतं तोच इथं टिकणार.

तिसरा आक्षेप : पुढं सगळं इलेक्ट्रिकच होणार, हे शिकून काय करू? निदान ही इंजिनची मक्तेदारी नाही. उद्या तुम्ही फौंड्रीत लागाल, कास्टिंगला ब्लो-होल येतील. वाळू ओली, का व्हेंट तुंबले, का धातू गार? पंप पाणी उचलणार नाही, मोटार तापेल, बॅटरी पॅक अचानक बंद पडेल. सगळीकडं तेच करायचं : कधी होतं ते विचारा, जिथं दिसतं आणि जिथं होतं त्यात फरक करा, स्वस्त चाचणी आधी घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि दुरुस्तीनंतर बिघाड खरंच गेला का ते परत तपासा. जुनी गाडी हे शिकवणारी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक लॅब आहे, कारण तिच्यात सगळं डोळ्यांना दिसतं.

मागणं लई नाही

म्हणून कॉलेजकडं माझं मागणं आहे. आपल्या लॅबमध्ये कापून रंगवलेलं एक इंजिन आहे. ते दिसायला सुंदर आहे, पण ते कधी बिघडत नाही. त्याच्या शेजारी एक चालू, जुनी, रडकी गाडी आणून ठेवा. भंगाराच्या भावात मिळेल. सोबत एक कॉम्प्रेशन गेज, एक व्हॅक्यूम गेज, एक टॉर्क रेंच, दोन बॅटऱ्या आणि टाल्कम पावडरचा डबा. गाडीखाली नुसत्या जॅकवर जायचं नाही म्हणून चार भक्कम स्टँड, आणि काढलेलं तेल गटारात जायला नको म्हणून एक कॅन. एवढंच.

दर आठवड्याला लॅब असिस्टंटनी तिच्यात एक बिघाड घालून ठेवायचा. एखादी व्हॅक्यूम नळी सैल, एखाद्या प्लगचं अंतर चुकीचं, ब्रीदरमध्ये बोळा. चौघांच्या ग्रुपनं तो शोधायचा. मार्क दुरुस्तीला नकोत, कारणाला द्या : आधी काय बघितलं, का बघितलं, कुठली शक्यता कशानं बाद केली. हे वहीत लिहायचं. ही वही मागच्या बॅचची कॉपी मारून पुरी होणार नाही, कारण बिघाड दर वेळी वेगळा! व्हायव्हाला एक्स्टर्नलनी "टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकमधला फरक सांगा" विचारण्याऐवजी पांढरा पुठ्ठा दाखवावा आणि म्हणावं, "हा डाग कशाचा? आणि पुढं काय करशील?"

आणि सेमिस्टरमधनं दोनदा उद्यमनगरातल्या एखाद्या मुरलेल्या मिस्त्रींना लेक्चरला बोलवा. नुसता नारळ आणि शाल देऊन नव्हे, गेस्ट लेक्चररला देता तेवढंच मानधन देऊन. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ते ठोका टॅपेटचा का बेअरिंगचा ते सांगतात. ती विद्या कुठल्याही पीपीटीत नाही, आणि ती पुढच्या पिढीकडं जात नाहीये. त्यांची मुलं आपल्यासारखीच कॉलेजात शिकतात आणि आपल्यासारखीच डायग्रॅम पाठ करतात.

विद्यार्थी मित्रांनो, तोवर आपणही हात बांधून बसायचं कारण नाही. सुट्टीत घरी गेलात की घरच्या गाडीखाली रात्री एक पुठ्ठा टाका. सकाळी तेलाची पट्टी पुसून, परत बुडवून बघा आणि तारखेसकट लिहून ठेवा. महिनाभरात तुमच्या गाडीबद्दल गॅरेजपेक्षा जास्त माहिती तुमच्याकडं असेल. गॅरेजला गेलात की "हे बदला" म्हणू नका. "हे असं, अमुक वेळी होतंय, कशामुळं ते बघा" म्हणा, आणि कारण सापडलं तर पार्ट न बदलताही त्या मिस्त्रींच्या हातावर बघण्याचे पैसे ठेवा. काय होतंय बघा. पुढच्या वेळी ते पाना उचलायच्या आधी तुम्हांला चार प्रश्न विचारतील.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी